ठेचा गार, मग तोंड का भाजतं?

चोपड्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय. ज्ञानेंद्रियांचा धडा चालू असताना एका मुलानं हात वर केला: "मॅडम, ठेचा तर गार असतो, मग तोंड का भाजतं? आणि आमच्या आजोबांचा पाय उन्हातल्या पत्र्यावर पडला, टपोरा फोड आला, तरी त्यांना कळलंच नाही. असं कसं?" बाईंचं म्हणणं असं की पुस्तकात एवढंच लिहिलंय, "संवेदग्राही उद्दीपन ओळखतात." ओळखतात म्हणजे नेमकं काय करतात?

बाई, त्या पोरानं मोठ्या कामाचे दोन प्रश्न विचारलेत. मी जळगावात २७ वर्षं प्रॅक्टिस करतेय, त्याआधी चार वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. हाच धडा मीही "ओळखतात" म्हणून उरकलेला आहे, म्हणून आधी तो शब्दच काढून टाकते. रिसेप्टरला काहीही ओळखता येत नाही. त्याला फक्त उघडता येतं. (पुस्तकात कुठे संवेदग्राही, कुठे संवेदग्राहक लिहितात. ग्राहक म्हटलं की मला बाजार समिती आठवते, म्हणून मी रिसेप्टरच म्हणते.)

पेशीच्या भोवती एक पातळ पापुद्रा असतो. त्याच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने थोडी ऋणभारित असते, चेतापेशीत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. बाहेर सोडियम आणि कॅल्शियमचे धनभारित कण आत शिरायला टपलेले असतात, पण वाट बंद. त्या पापुद्र्यात प्रथिनांची बारीक दारं बसवलेली असतात. एखादं दार उष्णतेनं उघडतं, एखादं ओढ बसली की, एखादं ठरावीक रसायन चिकटलं की. दार उघडलं की कण आत घुसतात, आतला ऋणभार कमी होतो. तो पुरेसा कमी झाला, म्हणजे ठरलेली पातळी ओलांडली, की मज्जातंतूतून विजेचा एक ठोका मेंदूकडे सुटतो. पातळीच्या खाली राहिला तर काहीच सुटत नाही. अर्धा ठोका नसतो.

आता ठेच्याकडे येऊ. तोंडातल्या आणि कातडीतल्या दुखण्याच्या तंतूंच्या टोकांवर एक दार असतं, नाव टीआरपीव्ही-१. ते साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे उघडतं. चहा जास्त गरम असला की जीभ भाजते ती याच दारामुळे. मिरचीतलं कॅप्सेसिन नावाचं द्रव्य नेमकं याच दारात जाऊन अडकतं आणि ते उघडून धरतं. तापमान वाढलेलं नसतं, पण दार उघडलं, ठोके सुटले. मेंदूकडे जी बातमी जाते ती चटका बसल्यावर जाते तीच. मेंदूला दोन्हींत फरक करता येत नाही. तो घाम फोडतो, नाक वाहायला लावतो, डोळ्यांत पाणी आणतो. शेवभाजीच्या पंगतीत कपाळ पुसत बसलेला पाहुणा आठवा. त्याच्या शरीरानं आगीचा बंदोबस्त सुरू केलेला असतो.

म्हणजे तिखट ही चव नव्हेच. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्शासारखी रुचकर चव) या पाच चवी, त्या कळवणाऱ्या पेशी चवकळ्यांत बसलेल्या असतात. तिखट दुखण्याच्या तंतूंतून येतं. (जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा नकाशा जुन्या पुस्तकांत असायचा. तो चुकीचा आहे, तुमच्या पुस्तकात अजून असेल तर पेन्सिलीनं काट मारा.) तिखट दुखण्यातून येतं म्हणूनच मिरची कापलेला हात डोळ्याला लागला तर डोळा पेटतो, आणि डोळ्यात तर चवकळी एकही नाही. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते तेव्हा जवळून जाणाऱ्याला ठसका लागतो, तोही वासामुळे नव्हे. नाकातली आणि घशातली हीच दारं उघडतात. आतड्याच्या शेवटच्या टोकालाही ही दारं आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं ते खान्देशात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

हे दार सापडलं १९९७ मध्ये. अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं संवेदी चेतापेशींमधल्या जनुकांचे तुकडे मिरचीला दाद न देणाऱ्या साध्या पेशींमध्ये घातले आणि त्यांतली कोणती पेशी कॅप्सेसिन टाकल्यावर जागी होते ते पाहत बसले. एक झाली. पुढे कळलं की तेच दार उष्णतेनंही उघडतं. २०२१ साली त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत नोबेल मिळालं. मिरचीवरून नोबेल, हे वर्गात जरूर सांगा. पोरं धडा विसरतील, हे विसरणार नाहीत.

त्याच मुलाला एक उलटा प्रश्न टाकता येईल: पोपट हिरव्या मिरच्या कराकरा कसे खातो? पक्ष्यांमध्येही हे दार आहे आणि ते उष्णतेनं उघडतं, पण त्याची घडण जरा वेगळी असल्यानं कॅप्सेसिन त्याला उघडू शकत नाही. पोपटाला मिरची तिखट लागतच नाही. झाडाच्या दृष्टीनं हे सोयीचंच: पक्ष्याच्या पोटातून बी धडधाकट बाहेर पडून लांब पोचतं.

आणखी एक, स्वयंपाकघरातलं. ठेचा खाऊन लगेच गरम चहा घेतला तर तो नेहमीपेक्षा जास्त भाजतो. कॅप्सेसिन दाराची उघडायची पातळी खाली आणतं, मग एरवी सोसणारा चहाही चटका देतो. सूज आलेल्या किंवा उन्हानं पोळलेल्या कातडीचं असंच होतं. तिथे तयार झालेली द्रव्यं दार ढिलं करून ठेवतात, म्हणून त्या दिवशी अंघोळीचं कोमट पाणीसुद्धा झोंबतं. आणि तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, नुसतं तोंडभर पसरतं. दूध-ताक घ्या, त्यातलं केसीन नावाचं प्रथिन ते धरून धुऊन नेतं. आपल्याकडे कळण्याच्या भाकरीसोबत ताक ठेवतात ते काही उगाच नव्हे.

थंडाव्यासाठी वेगळं दार आहे, टीआरपीएम-८. ते साधारण २६ अंशांच्या खाली उघडतं आणि पुदिन्यातल्या मेंथॉलनंही उघडतं. पेपरमिंट चघळून गार पाणी प्यायलं की ते आणखीच गार लागतं, ते यामुळे.

यावरून हुशार पोरगं विचारेल, जळगावला मे महिन्यात पारा ४५ वर जातो, ४३ ला उघडणारं दार मग दिवसभर उघडंच का राहत नाही? कारण दाराला हवेचं तापमान कळत नाही, कातडीचं कळतं. घाम वाळत राहतो तोवर कातडी ३५-३६ अंशांच्या आसपास राहते. दुपारभर उन्हात उभ्या मोटारसायकलच्या सीटवर बसा, तिथे घामाला वाळायला वाव नाही. दार उघडतं आणि आपण उडी मारून उठतो.

हे सगळं रसायनाचं आणि उष्णतेचं झालं. स्पर्शाची गोष्ट जास्त यांत्रिक आहे आणि मला विचाराल तर जास्त सुंदर. पॅटापूटियन यांच्या गटानं पेशींना अतिबारीक काचनळीनं टोचलं की वीज सुटते हे पाहिलं, मग संशय असलेली ७२ जनुकं निवडून एकेक बंद करत गेले. शेवटी एक बंद केलं आणि पेशी टोचण्याला दाद देईना. त्या दाराचं नाव पिझो-१, वर्ष २०१०. त्याचंच भावंड पिझो-२ आपल्या कातडीतला हलका स्पर्श आणि स्नायू-सांध्यांची जाणीव सांभाळतं. ही दारं पेशीच्या पापुद्र्यात बशीसारखी खोलगट बसलेली असतात. पापुद्रा ताणला गेला की बशी सपाट होते, मधलं भोक उघडतं. बस, एवढंच.

पण नुसतं दार सांगून भागत नाही, ते कशात बसवलंय ते महत्त्वाचं. कातडीच्या खोल थरात पॅसिनियन नावाचे कण असतात, जवळपास एक मिलिमीटर लांबीचे. कापून पाहिले तर हुबेहूब कांदा, पापुद्र्यावर पापुद्रे, मधोमध मज्जातंतूचं उघडं टोक. वरून दाब आला की क्षणभर टोकापर्यंत पोचतो, मग पापुद्रे सरकून तो वाटून घेतात आणि आतलं टोक मोकळं होतं. दाब काढला की परत एक क्षण हालचाल. म्हणजे हा कण दाब आला आणि गेला एवढंच सांगतो, दाब आहे हे सांगत नाही. १९६० च्या दशकात प्रयोगशाळेत याचे पापुद्रे सोलून पाहिले, तेव्हा उघडं टोक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ दाबाला प्रतिसाद देत राहिलं. विसरायचं काम कांद्याच्या पापुद्र्यांचं होतं.

सकाळी बांगड्या भरल्या की पाच मिनिटांत त्या हातात आहेत हे कळेनासं होतं, ते अशाच विसरण्यामुळे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारेही याच गटातले (मी त्यात आहे). सगळेच रिसेप्टर इतके विसराळू नसतात. बोटांच्या टोकांतल्या मर्केल पेशी दाब असेपर्यंत कळवत राहतात, म्हणून अंधारात खिशातल्या नाण्यांतून दहाचं वेगळं काढता येतं. आणि दुखण्याचे तंतू तर जवळजवळ विसरतच नाहीत. दाढ दुखते तेव्हा रात्रभर दुखते.

वर्गात करून दाखवण्यासारखं काही हवं असेल तर यू-पिन घ्या. दोन टोकं तीन मिलिमीटरवर आणा, मुलाचे डोळे मिटवा, बोटाच्या टोकाला हलकेच टेकवा. "दोन" म्हणेल. तीच पिन पाठीला लावा, "एक" म्हणेल. पाठीवर दोन टोकं वेगळी कळायला ती जवळपास चार सेंटिमीटर लांब न्यावी लागतात. बोटावर रिसेप्टरची दाटी आहे, पाठीवर विरळ पेरणी. ब्रेलचे ठिपके एकमेकांपासून अडीच मिलिमीटरच्या आसपास असतात, बोटाला नेमके वाचता येतील असे.

मग हे सगळे ठोके सारखेच, तर मेंदूला हे ऊन आणि हा स्पर्श असं कळतं कुठून? मी विद्यार्थ्यांना भुसावळ जंक्शन सांगायचे. गाडी कोणत्या लाइनीवरून यार्डात शिरली यावरून ती इटारसीकडून आली की नागपूरकडून ते केबिनमधल्या माणसाला कळतं, गाडीचा रंग पाहावा लागत नाही. मिटल्या डोळ्याचा कोपरा बोटानं हलका दाबा, दुसऱ्या बाजूला उजेडाची चकती दिसेल. उजेड कुठेच नाही, फक्त दाब आहे, पण डोळ्याच्या लाइनीवरून आलेलं सगळं मेंदू उजेड म्हणूनच धरतो. मिरचीची फसवणूक याच जातीची. जोर किती ते मात्र ठोक्यांच्या संख्येवरून कळतं. मोठा चटका म्हणजे मोठा ठोका नव्हे, सेकंदाला जास्त ठोके. हे एडगर एड्रियन यांनी १९२० च्या दशकात दाखवलं, त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं.

लाइनींचे वेगही वेगळे असतात. उंबऱ्याला ठेच लागते तेव्हा आधी सणकन टोचतं, आणि पाय धरून खाली बसेपर्यंत खोल कळ येते. टोचणं आणणारे तंतू सेकंदाला पाच ते तीस मीटर जातात, कळ आणणारे जेमतेम एक मीटर. अंगठ्यापासून कण्यापर्यंत मीटरभर अंतर धरा, म्हणजे ती दुसरी कळ सुमारे सेकंदभर उशिरा का येते ते कळेल. त्या मधल्या सेकंदात आपण अंगठा चोळतो. स्पर्शाचे तंतू याहून कितीतरी वेगवान. चोळण्याची बातमी कण्यात पोचून दुखण्याच्या बातमीची वाट अडवते, हा विचार मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ साली मांडला. आज्या तो आधीपासून वापरत होत्या.

कान, डोळे, नाक यांचं थोडक्यात सांगते, नाहीतर हे उत्तर संपायचं नाही. कानात बारीक केस असलेल्या पेशी आहेत. आवाजानं केस हलले की केसांना जोडणारा सूक्ष्म धागा ताणतो आणि दार उघडतं. लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीपुढे नाचून जी पेशी मेली ती माणसात पुन्हा उगवत नाही. नाकात सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही आहेत, एकेक वास त्यांतल्या अनेकांना वेगवेगळ्या जुळणीनं जागं करतो. डोळ्याचं मात्र गंमतशीर आहे, तिथे सगळं उलटं. अंधारात दारं उघडी असतात आणि उजेड पडला की बंद होतात. त्या बंद होण्याचीच बातमी जाते.

आता आजोबांविषयी. हा भाग मला वर्गापेक्षा ओपीडीत जास्त दिसतो. मधुमेह वर्षानुवर्षं अंगात राहिला की मज्जातंतू टोकांकडून वाळत येतात. सगळ्यांत लांब तंतू पायाच्या बोटांचे, म्हणून सुरुवात तिथून. आधी मुंग्या, रात्री तळपायाची भगभग, मग एक दिवस भगभग थांबते. पेशंटला वाटतं बरं झालं. खरं तर दार ज्याच्यावर बसवलेलं असतं तो तंतूच गेलेला असतो. मग तापलेला पत्रा ५० अंश असो की ६०, बातमी द्यायला कुणी नाही. पायमोजा घालावा तशी बधिरता वर चढते. एका बाबांनी मला त्यांच्या अहिराणीत सांगितलं होतं, "डॉक्टरबाई, पायले काहीच समजस नही." त्यांच्या चपलेतून आरपार गेलेला बाभळीचा काटा मी काढला, तोवर तो आत किती दिवस होता हे त्यांनाही माहीत नव्हतं. हिवाळ्यात शेकोटीला पाय शेकून भाजून घेतलेले पेशंट तर दर वर्षी येतात.

तपासणी साधी आहे. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (नादकाटा) ठोकून अंगठ्याच्या हाडावर ठेवते, त्याची थरथर जाणवते का यावरून कांद्यासारखे ते कण आणि त्यांचे तंतू जिवंत आहेत का ते कळतं. दुसरी, नायलॉनची एक तार, दहा ग्रॅम दाबाला वाकणारी. तळव्याला टेकवायची आणि वाकेपर्यंत दाबायची. एवढा दाब कळला नाही तर त्या पायाला जखम व्हायचा धोका आहे असं धरते. यात एक मेख आहे. आपले लोक डॉक्टरचं मन राखतात. फोर्क ठेवला की बघून "हो, कळतंय" म्हणतात. म्हणून मी डोळे मिटायला सांगते आणि मधेच एकदा न वाजवलेला फोर्क ठेवते. एक आजी त्यालाही "हो, चांगला वाजतोय" म्हणाल्या होत्या.

सगळे बधिर पाय मधुमेहाचे नसतात. बी-१२ कमी पडल्यानंही होतं, पूर्ण शाकाहारी घरांत मी ते बरंच पाहते. हे पेशंट विचारल्यावर सांगतात, "मोरीत तोंड धुताना तोल जातो." साबण लावताना डोळे मिटतात, आणि पाय कुठे आहेत हे सांगणारी सांधे-स्नायूंची बातमी आधीच तुटलेली असते. उघड्या डोळ्यांनी ते भागवून नेत असतात. हे लवकर पकडलं तर इंजेक्शनांनी पुष्कळ सुधारतं. आणि कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यात गार-गरम कळत नाही, असं कुणा मुलाच्या अंगावर दिसलं तर कुष्ठरोगाची शंका धरून सरकारी आरोग्य केंद्रात पाठवा. औषध तिथे मोफत मिळतं आणि तो बरा होतो.

त्या आजोबांची साखर तपासून घ्यायला सांगा, आधी माहीत असली तरी. फोड फोडायचा नाही, त्यावर हळद-तेल काही नको, दोन दिवसांत कुणा डॉक्टरला दाखवायचा. अंघोळीचं पाणी त्यांनी पायानं नाही, नातवानं हातानं पाहायचं. पाय शेकायचे नाहीत, घरातही अनवाणी फिरायचं नाही, रोज संध्याकाळी तळवे कुणीतरी उजेडात पाहायचे. हे काम त्या मुलालाच द्या, प्रश्न त्यानंच विचारलाय. आणि डॉक्टरकडे जाताना नवी चप्पल घालून नेऊ नका, रोजची शेतातलीच असू द्या. मी पाय बघायच्या आधी चपलेचा तळ उलटा करून बघते.